तीन दिवसांत पालखीची वाट

"सगळी वारी काही जमत नाही. रजा मिळते ती तीन दिवसांची. तेवढ्यात पालखीच्या वाटेचा एखादा तुकडा चालून होईल का? आणि रोज सकाळी पळायची सवय आहे, तर मधेमधे पळत गेलं तर?"

चालायला आवडणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे: दोन्ही होईल. मात्र बेत आखताना बहुतेकजण सुरुवातच उलट्या टोकाने करतात. "मी ताशी किती किलोमीटर जातो?" हा प्रश्न आधी आणि "रात्री कुठे टेकायचं?" हा नंतर. वारीने हा क्रम केव्हाच लावून दिलेला आहे. आधी मुक्काम, मग विसावा आणि सगळ्यात शेवटी वेग. या प्रकरणात आपण त्याच क्रमाने जाऊ.

१. तुकडा चालला तर ती वारी म्हणायची का?

आळंदी ते पंढरपूर ही ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची वाट साधारण २५० किलोमीटरची आहे. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. या सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. दिंडी, टाळ-मृदंग, हरिपाठ, कीर्तन, समाजआरती या सगळ्यांसह ती वाट चालणं म्हणजे वारी. आपण थंडीत, आपल्या सोयीने, तीच वाट चालणार आहोत. याला वारी म्हणू नये. हा वारीच्या वाटेवरचा प्रवास आहे, आणि तसा प्रवास म्हणूनही तो मोलाचा आहे.

लांबच्या वाटेचा तुकडा चालण्यात कमीपणा काही नाही. पुण्यातून पालखीबरोबर निघून सासवडला माउलींचा निरोप घेणारी माणसं दरवर्षी हजारोंनी दिसतात. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेतही हेच आहे. तिथे शेकडो किलोमीटरच्या वाटा आहेत, पण किमान १०० किलोमीटर पायी चालणाऱ्यालाही यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणून असंख्य यात्रेकरू सारिया या गावातून निघतात आणि पाच-सहा दिवसांत पोहोचतात.

एक गोष्ट मात्र ठरवून टाका. पालखी रस्त्यावर असते त्या दिवसांत हा बेत करू नका. तेव्हा तो रस्ता दिंड्यांचा असतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या आजीच्या बाजूने घड्याळ बघत पळत जाणं शोभत नाही. तेव्हा जायचं असेल तर दिंडीत सामील व्हा आणि तिच्या चालीने चाला.

२. वारीचं वेळापत्रक काय शिकवतं?

वारीच्या टप्प्यांची यादी नुसती अंतरांसाठी वाचली तरी नियोजनाचे अर्धे धडे मिळतात. आळंदी ते पुणे सुमारे २९ किलोमीटर, पुणे ते सासवड ३२, सासवड ते जेजुरी १६, जेजुरी ते वाल्हे १२, वाल्हे ते लोणंद २०, लोणंद ते तरडगाव ८. आणि अगदी शेवटी वाखरी ते पंढरपूर फक्त ५.

पहिला धडा: रोजचं अंतर सारखं नाही. शेजारी शेजारी ३२ आहे, १६ आहे, ८ आहे. आपण मात्र बेत करताना "रोज वीस" असं ठोकून देतो. गावं काही वीस-वीस किलोमीटरवर वसलेली नसतात. पाणी, ओसरी आणि जेवण जिथे आहे तिथेच दिवस संपवावा लागतो.

दुसरा धडा: मोठ्या टप्प्यानंतर विश्रांती. पुणे-सासवड हा टप्पा लांबही आहे आणि त्यात दिवे घाटाची चढणही आहे. म्हणून त्यानंतर पालखी सासवडला दोन रात्री राहते. शरीरावर मोठं ओझं टाकलं की त्याला भरून यायला वेळ द्यायचा, हे आजचे प्रशिक्षकही सांगतात.

तिसरा धडा: विसावा ठरलेला असतो. पालखी दमल्यावर थांबत नाही, विसाव्याची जागा आली की थांबते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. दमल्यावर थांबलेलं शरीर आखडतं. दमण्याआधी थांबलेलं शरीर पुन्हा सहज उठतं.

चौथा धडा धावणाऱ्यांसाठी. वारीत पळणं आहेच. गोल रिंगणात अश्व धावतो, आणि पताका घेतलेले, तुळस घेतलेल्या बाया, टाळकरी, विणेकरीही धावतात. वेळापूरच्या अलीकडे 'धावा' होतो. इथून तुकोबांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीच्या दिशेने धावत सुटले, अशी श्रद्धा आहे, म्हणून वारकरीही तिथल्या उतारावरून धावतात. पण ही धाव कशी असते ते पाहा. मोकळी जागा, थोडंसं अंतर, मनाची उभारी, आणि मग पुन्हा चाल. सबंध वाटेवर पाया चालण्याचाच आहे. आपलाही बेत असाच असू दे.

३. कोणता तुकडा निवडावा?

पहिल्या खेपेसाठी मी सासवड ते लोणंद सुचवेन. १६, १२ आणि २० मिळून ४८ किलोमीटर होतात. तीन दिवस, तीन टप्पे, आणि तिन्ही पालखीचे खरे मुक्काम.

याची कारणं चार. एक, सासवडला पुण्याहून बस सहज मिळते. दोन, जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा आणि लोणंद ही पाचही पुणे-मिरज लोहमार्गावरची स्थानकं आहेत. पाय मुरगळला, ताप आला, मन उठलं, तरी परतीची सोय वाटेतच आहे. गाड्या थोड्या आहेत आणि काही स्थानकांवर मोजक्याच थांबतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून कागदावर लिहून ठेवा. एक सावधगिरी बाळगा. 'सासवड रोड' हे स्थानक सासवड गावात नाही. ते फुरसुंगीच्या बाजूला, गावापासून बरंच दूर आहे. नावावरून फसू नका.

तिसरं कारण दिवे घाट. घाट सुंदर आहे, खाली मस्तानी तलाव दिसतो, पण एरवी तिथे वाहनांची गर्दी असते आणि वळणांवर पायी माणसाला जागा थोडी. पालखीच्या दिवशी तो वाहनांना बंद करतात. तेव्हा घाट त्या दिवसासाठी राखून ठेवा. आणि चौथं कारण म्हणजे वाटेची श्रीमंती. सासवडला कऱ्हेकाठी सोपानकाकांची समाधी आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिलं ते याच नदीवरून. पुढे यमाई शिवरी, साकुर्डे, मग खंडोबाची जेजुरी, दौंडजची खिंड, वाल्मीकींशी नातं सांगणारं वाल्हे, आणि माउलींच्या पादुकांना जिथे स्नान घालतात ती नीरा नदी. नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू होतो.

कधी जावं? डिसेंबर आणि जानेवारी उत्तम. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. झाडी विरळ आणि ऊन थेट, त्यामुळे मार्चनंतर दुपारी चालणं म्हणजे अंगाची परीक्षा. जेजुरीच्या यात्रेच्या तारखा मात्र टाळा. सोमवती अमावस्या, मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आणि माघी पौर्णिमा या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते.

४. चालणं आणि पळणं यांत नेमका फरक काय?

पळायचं कुठे आणि किती हे ठरवण्याआधी एवढं समजून घेऊ. फरक वेगाचा वाटतो, पण मुळात तो फरक पद्धतीचा आहे.

चालताना एक तरी पाऊल कायम जमिनीवर असतं. टेकलेल्या पायावरून शरीर झोपाळ्यासारखं पुढे झुलतं. झोपाळ्याला एकदा लय आली की थोड्याशा रेट्याने तो चालू राहतो, तसंच चालण्याचं आहे. पळताना मात्र क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. शरीर चेंडूसारखं उसळतं आणि आपटतं. त्यामुळे चालताना पावलावर वजनाच्या साधारण सव्वापट भार येतो, तर पळताना दुपटी-तिपटीने. ६० किलोच्या माणसाचं पळतं पाऊल दर खेपेस १२० ते १८० किलोंचा भार झेलतं. पाठीवर पिशवी असली की तीही उसळते आणि आपटते.

आता इंधनाचा हिशोब. ६० किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण ६० किलोकॅलरी लागतात. तेवढंच अंतर आरामात चालायला ४५ च्या आसपास. म्हणजे त्याच वाटेसाठी पळणं महाग पडतं. पण ताशी सात किलोमीटरच्या पुढे नुसतं चालत राहायचं म्हटलं तर हिशोब उलटतो. झोपाळा त्याच्या लयीपेक्षा जोरात हलवायला जसा भलताच जोर लागतो, तसं होतं आणि शरीर आपोआप पळू लागतं. म्हणून फार भरभर चालण्याचा हट्ट करू नका. एक तर सुखाने चाला, नाही तर हलकं पळा.

पळणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची पद्धत जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने जगभर लोकप्रिय केली. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये तो धावला होता. त्याच्या पद्धतीचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: थकवा येण्याआधी चालायला लागा. आपल्या विसाव्याचं तत्त्वही हेच, नाही का?

५. पळून वेळ किती वाचतो?

आता एक छोटं उदाहरण करू. त्यात या प्रकरणाचं मुख्य सूत्र लपलेलं आहे.

समजा तुमची चाल ताशी ५ किलोमीटर आहे आणि हलकी पळ ताशी ८. दर दहा मिनिटांत सात मिनिटं चाललात आणि तीन मिनिटं पळलात, तर चालून ५८० मीटर आणि पळून ४०० मीटर होतात. म्हणजे दहा मिनिटांत जवळपास एक किलोमीटर.

सासवड-जेजुरी १६ किलोमीटर आहे. या पद्धतीने त्याला लागतील सुमारे १६० मिनिटं. नुसतं चाललात तर १९२. फरक अर्ध्या तासाचा! दोघंही सकाळी सातला निघाले आणि वीस-वीस मिनिटांचे दोन विसावे दोन्हीकडे धरलेत तर एकजण साडेदहाच्या आत जेजुरीत पोहोचेल आणि दुसरा अकराच्या आत. दोघांनाही जेवण एकाच वेळी मिळणार.

म्हणून वेळ वाचवायला पळू नका. पळण्याची खरी कारणं वेगळी आहेत. चालण्याने ज्या स्नायूंना तास न् तास एकच काम लागतं, त्यांना दोन-तीन मिनिटं पालट मिळतो. थंडीत अंग चटकन गरम होतं. आणि सकाळच्या उन्हात मोकळ्या माळावर पळताना जो आनंद होतो, तो हिशोबात मांडता येत नाही.

६. तीन दिवस प्रत्यक्ष कसे घालवावेत?

आता मुक्काम, अंतर आणि पळ यांची सांगड घालू. एक नियम धरा: टप्पा जितका लांब तितकं पळणं कमी.

पहिला दिवस, सासवड ते जेजुरी, १६ किलोमीटर. आदल्या संध्याकाळी सासवडला पोहोचा, सोपानकाकांचं दर्शन घ्या, लवकर झोपा. सकाळी सातला, उजाडल्यावर निघा. पहिला अर्धा तास फक्त चाला, अंग तयार होऊ द्या. मग सात-तीनचं चक्र, तेही रस्त्याकडेला मोकळी जागा असेल तिथेच. पाठीवर सामान असेल, त्यामुळे जड वाटलं तर पळणं सोडून द्या, कुणी विचारणार नाही. संध्याकाळी चारनंतर गड चढा. चढण्यापेक्षा उतरणं हळू करा. पायऱ्या उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार धरून ठेवतात, आणि अशा कामाने आलेलं दुखणं एक-दोन दिवसांनी जोर धरतं. तुमचा सगळ्यात लांब टप्पा नेमका त्याच सुमारास आहे हे ध्यानात असू द्या.

दुसरा दिवस, जेजुरी ते वाल्हे, १२ किलोमीटर. हा पळण्याचा दिवस. वाल्हे लहान गाव आहे. पालखीच्या दिवशी तिथे तंबूंचं नगर वसतं, पण एरवी पाहुण्यासाठी तयार सोय असेलच असं नाही. म्हणून सोपी युक्ती करा. जेजुरीलाच दोन रात्री राहा. सामान खोलीवर ठेवा, फक्त पाणी आणि थोडं खाणं घेऊन निघा, वाल्ह्याला पोहोचा आणि रेल्वेने किंवा रस्त्याने जेजुरीला परत या. पाठ मोकळी असली की पाच मिनिटं चाल, पाच मिनिटं पळ हे चक्र सुखाने झेपतं. दहा मिनिटांत सुमारे १,०८० मीटर होतात, म्हणजे १२ किलोमीटरला ११० मिनिटं. दौंडजच्या खिंडीत वीस मिनिटं थांबा. पालखीही न्याहारीला इथेच विसावते. सव्वानऊपर्यंत तुम्ही वाल्ह्यात असाल आणि उरलेला दिवस तुमच्या पायांचा.

तिसरा दिवस, वाल्हे ते लोणंद, २० किलोमीटर. सकाळी वाहनाने वाल्ह्याला या आणि काल जिथे थांबलात तिथूनच निघा. आज पळायचं नाही, चालायचं. ताशी ५ ने चार तास, वीस-वीस मिनिटांचे तीन विसावे म्हणजे आणखी एक तास, आणि नीरेच्या काठी पाऊण तास. सातला निघालात तर पाऊण वाजता लोणंद. फार हुरूप आला तर शेवटच्या किलोमीटरला थोडं पळा. तोच आपला छोटासा धावा.

प्रत्येक दिवसाच्या हिशोबात पाव भाग वेळ जास्त धरा. चार तास लागतील असं वाटलं तर पाच लिहा. कुणी चहाला बोलावेल, एखादं देऊळ उघडं दिसेल, बुटात खडा जाईल. या गोष्टींना जागा नसलेला बेत पहिल्या तासातच मोडतो.

७. पाठीवर किती, पायांत काय, पोटात काय?

दिंडीत वारकरी हलके चालतात, कारण जड सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जातं. आपल्याकडे ट्रक नाही, म्हणून सामानच कमी करायचं. नुसतं चालायचं असेल तर वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत चालतं: ६० किलोच्या माणसाला सहा किलो. पळायचं असेल तर पाण्यासकट चार किलोंच्या वर जाऊ नका. अंगावरचा एक जोड आणि बदलायचा एक, पातळ टॉवेल, थंडीसाठी एक स्वेटर, टोपी, बॅटरी, फोनचा चार्जर, औषधांची पुडी, देवळात जाताना घालायला एक साधा पूर्ण पायांचा पायजमा. बस्स. छाती आणि कमरेचे पट्टे असलेली सॅक घ्या, म्हणजे ती पाठीला चिकटून राहते.

पावलांना फोड का येतात? ओलावा, उष्णता आणि घासणं या तिघांच्या युतीने. तिघांपैकी एकाला जरी हटवलं तरी फोड टळतो. म्हणून नवे बूट वाटेवर प्रथमच घालू नका. निदान महिनाभर वापरलेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले बूट घ्या. चालता चालता पाय किंचित सुजतात, त्यांना ती जागा लागते. मोजे सुती नकोत, घाम धरून न ठेवणारे हवेत. प्रत्येक विसाव्याला बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर धरा. कुठे चुरचुरलं की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावा. "पुढच्या गावात बघू" म्हणणाऱ्याला पुढच्या गावात फोडच बघावा लागतो.

पाणी तासाला अर्धा लिटर धरून ठेवा आणि तहानेप्रमाणे घोटघोट प्या. घाम फार येत असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करा. निघण्याआधी एखादं केळं आणि चहा, पहिल्या विसाव्याला पोहे किंवा भाकरी-चटणी, खिशात शेंगदाणे-गूळ किंवा चिक्की. पहिल्या दिवशीच्या चालण्या-पळण्यात ६० किलोच्या माणसाचे साधारण ८०० किलोकॅलरी खर्च होतील, म्हणजे एका चांगल्या जेवणाएवढे. तेव्हा दुपारी पोटभर जेवा, पण चालायचं संपल्यावर.

८. रस्त्यावर सुरक्षित कसं राहावं?

ही वाट डोंगरातली पायवाट नाही, हमरस्ता आहे. पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पायी चालायची वेगळी पट्टी योजलेली आहे. जिथे ती पट्टी झालेली आहे तिथे तीच धरा. जिथे नाही तिथे पुढचे नियम कसोशीने पाळा.

आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात, म्हणून पायी माणसाने उजवीकडून चालावं. समोरून येणारं वाहन तुम्हाला दिसतं आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. पाठीमागून येणारं दिसत नाही. एकामागे एक चाला, गप्पांसाठी विसावा आहे. कानांत गाणी नकोत. तिथे कान हेच तुमचे मागचे डोळे आहेत. उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर पाय ठेवू नका, आणि दिवसाही भडक रंगाचा सदरा घाला. हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. नीरेच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटतील. मागची ट्रॉली झोकांडते, ऊस बाहेर आलेला असतो. असा ट्रॅक्टर दिसला की पळणं थांबवा, रस्ता सोडून खाली उतरा, तो जाऊ द्या. अरुंद पुलावर आणि वळणावर तर पळायचंच नाही.

आणि ज्यांना छातीत दुखण्याचा, धाप लागण्याचा त्रास आहे, मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. मधुमेहात पावलाची जखम कळत नाही आणि लवकर भरत नाही.

९. तयारी किती दिवस करावी?

रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्याला सहा आठवडे पुरतात. रविवारी लांब चाल ठेवा: पहिल्या आठवड्यात ६ किलोमीटर, मग ८, १०, १२ आणि पाचव्या आठवड्यात १५. सहावा आठवडा हलका. सगळ्यात लांब टप्पा २० किलोमीटरचा असला तरी सरावात २० गाठायची गरज नाही. पाऊण हिस्सा झेपला की वाटेवर उरलेला पाव हिस्सा झेपतो.

पण खरी परीक्षा एका दिवसाची नसते, लागोपाठच्या दिवसांची असते. म्हणून चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात शनिवारीही चाला. शनिवारी ८ आणि रविवारी १५, म्हणजे कालच्या थकलेल्या पायांनी आज चालायची ओळख होईल. आठवड्यातून दोनदा जिने चढा-उतरा, जेजुरीसाठी. आणि एकदा तरी तीच सॅक, तेच बूट, तेच मोजे घालून चाला. जे काही टोचणार, घासणार, लटकणार, ते घराजवळच कळू दे.

१०. वाटेचं देणं

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याच हिशोबात बसत नाही. ही वाट कुणा खेळाडूंसाठी आखलेली नाही. पिढ्यान् पिढ्या अनवाणी पायांनी ती घडवली. वाटेवरच्या गावांना पायी माणसाची सवय आहे. पाठीवर पिशवी दिसली की कुणीतरी "माउली, पाणी घेणार का?" म्हणून विचारतं. "रामकृष्णहरी" म्हटलं की अनोळखी माणूसही थांबून तुमच्याशी बोलतो. त्या आपुलकीचा मान ठेवा. घोटभर पाणी घेतलंत तर दोन शब्द बोला. चिक्कीचा कागद खिशात घाला. देवळाच्या ओवरीत टेकायचं तर आधी विचारा. कुणाच्या शेतातून जाऊ नका.

लोणंदला पोहोचाल तेव्हा पंढरपूर अजून बरंच पुढे असेल. तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही नावं तुमची वाट पाहत असतील. घाई करू नका. पुढच्या हिवाळ्यात लोणंदहून फलटण, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी एक तुकडा. जिथे थांबलात तिथूनच दर वेळी सुरुवात करा. चार-पाच वर्षांत चंद्रभागेच्या वाळवंटात तुमचे पाय लागतील. आणि तोवर एखाद्या ज्येष्ठात, घड्याळ घरी ठेवून, एक दिवस तरी दिंडीत चालून पाहा.